दंडाचा रुपया आणि भत्त्याचा रुपया

१९१७ साली कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि जो पालक मुलास शाळेत धाडणार नाही त्याजकडून दरमहा १ रुपया दंड घ्यावा असे ठरविले. १९९२ साली महाराष्ट्र शासनाने दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि भटक्या-विमुक्त जमातींच्या कुटुंबांतील पहिली ते चौथीच्या मुलींस शाळेतील हजेरीबद्दल दररोज १ रुपया भत्ता देऊ केला. मधे पंचाहत्तर वर्षे गेली. नाणे तेच राहिले. ते कोणाच्या हातून कोणाच्या हातात जावयाचे, एवढेच बदलले. या एका रुपयाचा प्रवास आम्हांस पुष्कळ दिवस खुणावीत होता. भिलाईसारख्या गावी, जेथे मराठी घरे कारखान्याच्या नि कचेऱ्यांच्या निमित्ताने येऊन स्थिरावली, तेथे मुलांची शाळा हा गृहीत धरण्याचा विषय असतो. शाळेत येण्याबद्दल कोणास पैसे किंवा धान्य द्यावे लागते, आणि त्या धान्यास अट घालावी लागते, हे आपल्यापैकी अनेकांच्या कानावरही नसते. म्हणून हा मागोवा.

अटीची कल्पना आपल्याकडील नव्हे. गरिबास सरकारी मदत द्यावयाची तर त्याच्या मुलाने शाळेत गेले पाहिजे, हा नियम कायद्याच्या पुस्तकात प्रथम ठळकपणे दिसतो तो इंग्लंडात, आणि तेथील कथा मोठी बोधक आहे. १८३४ च्या नव्या गरीब-कायद्यानंतर तेथे निर्वाहासाठी मदत मागणाऱ्यास शक्यतो अनाथगृहवजा कामगृहात कोंडावे असे धोरण होते. तथापि विधवा, आजारी, वृद्ध अशा कित्येकांस घरीच मदत मिळे. १८५५ साली पार्लमेंटने एक कायदा करून गरीब-मंडळांस अशी मुभा दिली की, घरी मदत घेणाऱ्या कुटुंबाच्या मुलांची शाळेची फी मंडळाने भरावी. परंतु त्याच कायद्यात असेही स्पष्ट घातले की, मुलाने शाळेत जावे ही मदतीची अट करता येणार नाही. अठरा वर्षे गेली. १८७३ साली शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि जे १८५५ साली निषिद्ध होते तेच आता अनिवार्य ठरले: पाच ते तेरा वर्षांच्या मुलाचे शिक्षण चालू असल्यावाचून घरची मदत चालू राहणार नाही.

यातील विसंगती त्या काळच्या लोकांनाही जाणवली असावी. १८७० च्या कायद्यान्वये सक्ती करणे न करणे हे स्थानिक शाळामंडळाच्या मर्जीवर होते. म्हणजे ज्या गावी सक्ती नव्हती, तेथे मजुराचा मुलगा शेतावर राखण करीत हिंडला तरी त्यास कोणी विचारीत नसे, आणि शेजारच्या विधवेचा मुलगा मात्र शाळेत गेलाच पाहिजे, नाही तर तिची भाकरी बंद. सक्ती आधी याचकांवर आली, सर्वांवर नंतर आली; ती १८८० साली. आणि शाळेची फी बहुतांशी उठली ती १८९१ साली. मोफत होण्याच्या अकरा वर्षे आधी सक्ती, असा तो क्रम आहे. गरिबाच्या बाबतीत राज्यकर्त्यांस कर्तव्याची आठवण हक्काच्या आधी होते, ही गोष्ट काही त्या एकाच बेटापुरती खरी नाही.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तोंडाने पुढे आला. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शिक्षण काही वयापर्यंत, निदान बारा वर्षांपर्यंत, सक्तीचे करावे अशी मागणी आहे. ती सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याच निवेदनातील दुसरा भाग तितका सांगितला जात नाही. शेतकरी व इतर गरीब वर्गांची मुले शाळेत आली तरी टिकत नाहीत. टिकण्यास त्यांना काही उत्तेजन नाही, म्हणून कोठे लहानसहान काम मिळाले की ती शाळा सोडतात, हे जोतीरावांनी नेमके हेरले होते. म्हणून त्यांनी शिष्यवृत्त्या आणि सहामाही वा वार्षिक बक्षिसे द्यावीत असे सुचविले. म्हणजे सक्ती आणि साहाय्य या दोन्ही गोष्टी त्यांनी एका कागदावर लिहिल्या होत्या. पुढच्या शतकाने त्या दोन निरनिराळ्या फायलींत घातल्या, असे आम्हां कारकुनांच्या भाषेत म्हणता येईल.

सक्तीची फाइल प्रथम बडोद्यात उघडली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, तो हळूहळू तालुक्यात पसरविला, आणि १९०६ साली सबंध संस्थानास लागू केला. मुलांसाठी सात ते बारा आणि मुलींसाठी सात ते दहा अशी वयोमर्यादा होती. मुलींस यातून वगळले नव्हते, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हे.

बडोद्याचा दाखला हाती घेऊन गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली केंद्रीय कायदेमंडळात ठराव आणला आणि १९११ च्या मार्चमध्ये आपले विधेयक मांडले. ते वाचताना आम्हांस नेहमी आश्चर्य वाटते ते त्यातील सावधपणाचे. सक्ती ताबडतोब नव्हे. ज्या भागात मुलांचे शाळेत येण्याचे प्रमाण आधीच बऱ्यापैकी असेल तेथेच, तीही स्थानिक संस्थेने इच्छिले तर, आणि प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरतीच. दरमहा १० रुपयांहून ज्याची प्राप्ती अधिक नाही त्या पालकाकडून फी घ्यावयाची नाही. आणि गैरहजेरीस सबळ कारणे म्हणून ज्या गोष्टी मान्य करावयाच्या त्यांत आजारपणाबरोबर घरची निकड आणि शेतीच्या हंगामाची गरज यांचाही उल्लेख होता. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणाऱ्या या गृहस्थास सुगीच्या दिवसांत कुणब्याचे पोर शाळेत का येत नाही हे समजत होते, आणि ते समजणे त्याने कायद्याच्या कलमात उतरविले होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. १९ मार्च १९१२ रोजी ते विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

गोखल्यांच्या त्या १० रुपयांवरून शाहू महाराजांच्या दंडाचे वजन कळते. ज्या घरची मासिक प्राप्ती १० रुपये, त्यास १ रुपया दंड म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा. दंड हलका नव्हता. पण कोल्हापुरात सक्ती आणि मोफतपणा हातात हात घालून आले, आणि महाराजांनी वसतिगृहांची जी मालिका उभी केली ती या रुपयाच्या दुसऱ्या बाजूस ठेवून पाहिली पाहिजे. दंड घेणाऱ्या हाताने निवाराही दिला होता. नुसत्या दंडाचा नियम वेगळा काढून त्याची स्तुती वा निंदा करणे हे दोन्ही अन्याय्य होय.

ब्रिटिश मुलखात यानंतर प्रांतोप्रांती कायदे झाले. विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात १९१८ साली, आणि ज्या प्रांतात आमचा हा दुर्ग जिल्हा तेव्हा मोडत असे त्या मध्यप्रांतात १९२० साली. नागपूरच्या कचेरीतून निघालेली परिपत्रके दुर्गच्या शाळांत येत, हे आज येथील नव्या पिढीस सांगितले तर नवल वाटते. पण १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूरकडेच पाहत होता. भिलाईच्या कारखान्याचा रशियाशी करार झाला तो १९५५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे राजधानी नागपूरला असतानाच. असो. हे कायदे बहुतेक ठिकाणी पुस्तकातच राहिले. सक्ती करावयाची तर शाळा हवी, शिक्षक हवा, आणि दंड वसूल करण्यास एखादा निर्दय मनुष्य हवा; तिन्हींची टंचाई होती.

स्वातंत्र्यानंतर साहाय्याची फाइल पुन्हा उघडली. मद्रास राज्यात १९५६ च्या सुमारास कामराजांनी शाळेत दुपारचे जेवण सुरू केले आणि १९८२ साली रामचंद्रन यांनी ते फार मोठ्या प्रमाणावर वाढविले. यात अट कोणतीच नव्हती; जो येईल त्याने पानावर बसावे. बाकी देश मात्र दुसऱ्या वाटेने गेला.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्र सरकारने प्राथमिक शिक्षणास पोषणसाहाय्य देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आरंभी देशातील २४०८ विकासखंड त्यात होते. १९९७-९८ पर्यंत तो सर्वत्र पोहोचला. शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास दररोज १०० ग्रॅम धान्याचे शिजविलेले अन्न द्यावयाचे हे मूळ योजनेत होते. परंतु स्वयंपाकाची सोय होईपर्यंत राज्यांनी कोरडे धान्य वाटावे अशी सवलत ठेवली गेली, आणि सवलतीचे जे होते तेच झाले. बहुसंख्य राज्यांनी वर्षानुवर्षे कोरडे धान्यच वाटले. मुलागणिक महिन्यास ३ किलो, वर्षातून दहा महिने. आणि अट अशी की महिन्यात किमान ८० टक्के हजेरी हवी.

येथे थोडे हिशेब करणे भाग आहे. महिन्यात शाळा २५ दिवस भरली असे धरू. ८० टक्के म्हणजे २० दिवस. जी मुलगी २० दिवस आली तिच्या घरी ३ किलो तांदूळ किंवा गहू गेला. जी १९ दिवस आली तिच्या घरी काहीच गेले नाही. एका दिवसाची किंमत ३ किलो! आणि जी १० दिवस आली आणि जी १९ दिवस आली त्या दोघी सरकारदरबारी सारख्याच ठरल्या. महाराष्ट्रातील मुलींच्या भत्त्याचेही असेच आहे. वर्षाला अधिकाधिक २२० दिवस, म्हणून अधिकाधिक २२० रुपये. हजेरीची अट ७५ टक्के, म्हणजे १६५ दिवस. १६४ दिवस चालत आलेल्या मुलीस तिच्या पायपिटीचा एक रुपयाही मिळावयाचा नाही.

आम्ही ज्या नोकरीत आहोत तिच्याशी हे ताडून पाहण्याचा मोह आवरत नाही. केंद्र सरकारच्या कारकुनास वर्षात ८ दिवस किरकोळ रजा असते, ३० दिवस अर्जित रजा असते, वीस दिवस अर्धपगारी असते. मुलगा आजारी पडला, गावी कोणी वारले, घरात लग्न निघाले, तर अर्ज लिहावयाचा की झाले. एवढ्यावरही न सांगता दांडी मारली तर त्या दिवसाचे वेतन कापले जाईल, महिन्याचे नव्हे. नऊ वर्षांच्या मुलीस रजेचा कोणताच प्रकार ठेवलेला नाही. धाकटे भावंड तापाने फणफणले आणि आई कामावर गेली तर घरी थांबावयाचे तिनेच, आणि त्याची भरपाई करावयाची तिच्याच घराने. गोखल्यांच्या विधेयकातील घरची निकड हे शब्द १९११ साली कलमात होते. ८४ वर्षांनी निघालेल्या धान्याच्या नियमांत टक्केवारीचा आकडा तेवढा उरला.

तोच प्रकार हंगामाचा. बीड आणि त्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळा तापल्यावर परततात. आपल्या या छत्तीसगढातूनही पीक निघाले की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांच्या वाटेला लागतात. दुर्ग-रायपूरच्या फलाटांवर गाठोडी, भांडी आणि पोरे घेऊन बसलेले ते तांडे आम्ही सर्वांनी पाहिले आहेत. या पोरांची पाच-सहा महिन्यांची गैरहजेरी काही आळसाने झालेली नसते. ७५ काय, ५० टक्केही त्यांना साधणार नाहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी मदतीची योजना काढली, त्यांतील सर्वांत गरजू तेवढे अटीच्या चाळणीतून खाली पडतात, आणि ज्यांची मुले तशीही नियमित शाळेत गेली असती त्यांना भत्ता मिळतो. महाराष्ट्रात पुढे साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे निघाली ती या जाणिवेतूनच. अट सैल करण्यापेक्षा शाळा मुलाच्या मागे नेणे किंवा मुलास गावी ठेवून घेणे हा त्यातला विचार होता, आणि तो अधिक शहाणपणाचा होता.

अटीचा आणखी एक परिणाम हजेरीपटावर होतो. शिक्षक हा त्याच गावात राहणारा माणूस. समोर उभ्या असलेल्या बाईला, तुझी पोर एकोणीसच दिवस आली म्हणून तुला धान्य नाही, असे सांगावयास फार कठोर मन लागते. मग विसावा दिवस पटावर आपोआप उमटतो. यात दयाही असते आणि कधी लबाडीही असते. पण परिणाम एकच, की ज्या कागदावरून शाळेत किती मुले येतात हे सरकारने जाणावयाचे तो कागदच निरुपयोगी होतो. ज्या नोंदीवर पैसा अवलंबून ठेवाल ती नोंद प्रथम बिघडते, हा कोणत्याही कचेरीतला रोजचा अनुभव आहे.

बाहेरच्या जगाने मात्र याच सुमारास अटीची योजना मोठ्या उत्साहाने उचलली. बांगलादेशात १९९३ पासून शाळेत जाणाऱ्या गरीब मुलांच्या घरी धान्य देण्यात येऊ लागले. अट ८५ टक्के हजेरीची. ब्राझीलच्या राजधानीत राज्यपाल क्रिस्तोव्हाव बुआर्के यांनी १९९५ साली शाळेत मुले धाडणाऱ्या गरीब कुटुंबांस मासिक रक्कम सुरू केली, आणि २००३ साली त्यातूनच बोल्सा फामिलिया नावाची देशव्यापी योजना उभी राहिली, तेथेही ८५. मेक्सिकोत १९९७ साली अशीच योजना निघाली. रक्कम आईच्या हाती, माध्यमिक शाळेतील मुलींस मुलांपेक्षा थोडी अधिक, आणि हजेरी पुन्हा ८५. या योजनांनी शाळेतील मुलांची संख्या वाढली यात शंका नाही, आणि आमचा या आकड्यांशी काही वैरभाव नाही. पण एक भेद लक्षात घेतला पाहिजे. तेथे दिली जाणारी रक्कम घराचा गाडा थोडा तरी हलविण्याइतकी होती. आपल्याकडील दिवसाला १ रुपया हा १९९२ सालीही उत्तेजन म्हणण्याइतका नव्हता, आणि पुढची कितीतरी वर्षे तो दर तसाच राहिला, भाव मात्र थांबले नाहीत. रक्कम नाममात्र आणि अट पुरेपूर, अशी ही जोडी होती. छत्तीसगढसह सात राज्यांतील अकरा विकासखंडांत २००८ साली धनलक्ष्मी नावाची केंद्राची योजना प्रयोग म्हणून आली. जन्माची नोंद, लसी, शाळाप्रवेश, हजेरी आणि अठरापर्यंत अविवाहित राहणे अशा पायऱ्यापायऱ्यांनी तीत पैसे मिळावयाचे. तीही पुढे बंद पडली.

आपल्या देशात निर्णायक वळण मिळाले ते न्यायालयातून. २००१ साली अन्नाच्या हक्काबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने राज्यांस बजावले की कोरडे धान्य पुरे. शासकीय आणि अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास शिजविलेले अन्न द्या, किमान ३०० उष्मांकांचे, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनांचे, वर्षातून किमान २०० दिवस. छत्तीसगढ राज्य तेव्हा अवघे एक वर्षाचे होते. येथे बचतगटांच्या बायकांनी चुली पेटविल्या, आणि आज भिलाईच्या भोवतालच्या कोणत्याही शासकीय शाळेत दुपारी डाळ-भाताचा वास येतो.

या आदेशाचे वर्णन बहुधा अन्नाचा विजय म्हणून केले जाते. ते खरेच आहे. पण हजेरीच्या दृष्टीनेही त्याने एक फार मोठे काम केले, आणि ते बोलून न दाखविता केले. शिजविलेला भात हजेरीची अट घालीत नाही, कारण त्यास ती घालण्याची गरजच नसते. जो आला तो जेवला. जो आज आला नाही त्याचे आजचे जेवण गेले, महिन्याचे नाही. उद्या तो आला की उद्याचे पान त्याचे आहे. ८० टक्क्यांची रेघ, एकोणीस आणि वीस यांमधली ती दरी, एका दिवसात पुसली गेली. मुलाचा घास मुलाच्याच तोंडी गेला. घरच्या पाच-सात तोंडांत वाटला गेला नाही. कामराजांच्या मद्रासने जी गोष्ट चार दशके आधी केली होती ती उरलेल्या देशास न्यायालयाच्या हुकुमाने करावी लागली, एवढेच वाईट वाटते.

तत्त्व म्हणून हे पाऊल पुढे कायद्यात आले. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यात सक्तीचे शिक्षण या शब्दांचा अर्थच उलटा केला आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास प्रवेश देणे, त्याची उपस्थिती आणि शिक्षण पूर्ण होणे यांची खातरजमा करणे, हे बंधन शासनावर आहे असे त्यात म्हटले आहे. मुलास शाळेत घालणे हे पालकाचेही कर्तव्य म्हणून सांगितले आहे, पण त्यासाठी दंडाचे कलम नाही. शाहू महाराजांचा रुपया येथे कोणी कोणास द्यावयाचा, असा खोडकर प्रश्न मनात येतो. कायद्याच्या शब्दांप्रमाणे पाहिले तर मूल शाळेत दिसले नाही तर तो आता सरकारनेच भरावयास हवा.

तरीही अट गेलेली नाही. ती नव्या नव्या योजनांच्या नियमांत पुन्हा पुन्हा डोकावते. महाराष्ट्राने २०२३ साली लेक लाडकी योजना काढली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरी जन्मलेल्या मुलीस जन्मतः ५ हजार, पहिलीत गेल्यावर ६ हजार, सहावीत ७ हजार, अकरावीत ८ हजार आणि अठरा पूर्ण झाल्यावर ७५ हजार, अशी एकूण १ लाख १ हजार रुपयांची ती योजना आहे. येथे रोजच्या हजेरीऐवजी इयत्तेची पायरी मोजली जाते. ही पद्धत आम्हांस दिवस मोजण्यापेक्षा बरी वाटते, कारण तीत १६४ आणि १६५ यांचा झगडा नाही. पण अकरावीच्या आत शाळा सुटलेल्या मुलीचे काय, हा जोतीरावांचा जुना प्रश्न तेथेही उभाच आहे.

२०२० च्या मार्चमध्ये महामारीने शाळा बंद झाल्या. चुली विझल्या, आणि राज्यांनी पुन्हा एकदा कोरडे धान्य वाटले; छत्तीसगढातही तांदूळ आणि डाळ मुलांच्या घरी पोहोचविली गेली. १९९५ चे ते जुने दृश्य, पण एका फरकाने. शाळाच भरत नव्हती, तेव्हा ८० टक्के कशाचे काढावयाचे? पटावर नाव आहे एवढे पाहिले गेले आणि पिशवी हाती दिली गेली. पिशवी घेण्यास आलेल्यांत वीटभट्टीवरून अर्ध्या हंगामात पायी परतलेल्या कुटुंबांची पोरेही होती. त्यांची नावे पटावर होतीच; बरीच वर्षे ती फक्त गैरहजर म्हणून लिहिली जात होती.